उल्हासचे पाणी, काळा कातळ आणि तराजूचा पासंग

विद्यालयाच्या एका स्नेहसंमेलनात, जेवणाच्या पंगतीनंतर, खालापूर तालुक्यातील एका पालकांनी मला सहज विचारले होते, "सर, तुम्ही मुलांना सांगता की दगड पाण्यात विरघळतो आणि शास्त्रज्ञ ते मोजतात. दगड झिजतो हे आम्ही जन्मभर पाहत आलो. त्यात मोजायचे ते काय, आणि मोजून कोणाचे भले?" त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचणार आहेत, तेव्हा त्या गृहस्थांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे सविस्तर मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. विषय आहे लिथियम या मूलद्रव्याचे समस्थानिक आणि ते मोजणारे यंत्र. नाव अवघड वाटले तरी गोष्ट आपल्या अंगणातलीच आहे.

दगडाचे विरघळणे

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. राजमाची, ढाक, माथेरान, प्रबळगड हे सारे डोंगर बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे थरांवर थर पसरत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापणारा दक्खन ट्रॅप तयार झाला. कोंढाण्याची लेणी ज्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी कोरली गेली, तो कातळ हाच. त्या लेण्यांच्या दर्शनी भागाची आजची झीज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दगड अविनाशी नसतो हे वेगळे सांगावयास नको.

ही झीज दोन प्रकारची असते. ऊन, पाणी, झाडांची मुळे यांमुळे दगड फुटतो, त्याचे तुकडे होतात. हे डोळ्यांना दिसते. दुसरी झीज दिसत नाही. पावसाचा थेंब हवेतून आणि मातीतून येताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व किंचित आम्ल बनतो. हे सौम्य आम्ल बेसाल्टमधील खनिजांवर क्रिया करते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ही मूलद्रव्ये पाण्यात उतरतात, आणि हवेतून आलेला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने त्याच पाण्याबरोबर नदीतून समुद्रात जातो. तेथे शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांत त्यातील काही भाग चुनखडी होऊन बसतो. भूशास्त्रात या रासायनिक झिजेला विदारण म्हणतात.

पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या कालावधीत फार वर किंवा फार खाली जाऊ न देण्यात या विदारणाचा मोठा वाटा आहे. उष्मा आणि पाऊस वाढला की दगड अधिक वेगाने विरघळतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड अधिक खेचला जातो आणि उष्मा हळूहळू उतरतो. बेसाल्ट हा खडक ग्रॅनाइटपेक्षा लवकर विरघळतो. म्हणून भूपृष्ठावर बेसाल्टने व्यापलेली जागा अगदी थोडी असूनही सिलिकेट खडकांच्या विदारणात खर्च होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक तृतीयांश वाटा बेसाल्टचा असावा, असा अंदाज मांडला गेला आहे. दक्खनच्या नद्यांचा या दृष्टीने अभ्यासही झाला आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील दास, कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णेचे खोरे व पश्चिम घाटातील नद्या यांच्या पाण्याचे विश्लेषण करून बेसाल्टच्या विदारणाचा वेग २००५ साली प्रसिद्ध केला.

परंतु येथे एक अडचण आहे. दगडातून सुटलेले सर्वच घटक समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. काही वाटेतच नव्या खनिजात, म्हणजे चिकणमातीत, अडकतात. किती सुटले आणि किती अडकले, हे केवळ पाण्यातील कॅल्शियम मोजून नीट कळत नाही. कॅल्शियम चुनखडीतूनही येते, झाडेही ते घेतात आणि परत मातीला देतात. या गुंत्यातून वाट दाखवणारे मूलद्रव्य म्हणजे लिथियम.

एकाच घरातील दोन भावंडे

लिथियम आज घरोघरी आहे. मोबाइलच्या बॅटरीत, विजेवर चालणाऱ्या दुचाकीत, तसेच मनोविकारावरील औषधातही. १८१७ साली स्वीडनमधील योहान ऑगस्ट आर्फवेडसन यांना ते एका खनिजात सापडले. 'लिथॉस' म्हणजे ग्रीक भाषेत दगड. दगडात सापडले म्हणून लिथियम.

या मूलद्रव्याच्या प्रत्येक अणुकेंद्रात तीन प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र काहींत तीन आणि काहींत चार असतात. पहिल्याला लिथियम-६ व दुसऱ्याला लिथियम-७ म्हणतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा भिन्न वजनांच्या अणूंना समस्थानिक हे नाव आहे, कारण मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत त्यांचे स्थान एकच. निसर्गात शंभर लिथियम अणूंपैकी सुमारे ९२.४ हे जड लिथियम-७ आणि सुमारे ७.६ हे हलके लिथियम-६ असतात. म्हणजे एका हलक्या अणूमागे साधारण बारा जड अणू.

दोघांचा रासायनिक स्वभाव एकच. फरक आहे तो वजनात, आणि हा फरक प्रमाणाने मोठा आहे. लोखंडासारख्या जड मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांत वजनाचा फरक थोडक्या टक्क्यांचा असतो. लिथियममध्ये तो सोळा टक्क्यांहून अधिक भरतो. त्यामुळे एखाद्या खनिजात शिरताना किंवा त्यातून निघताना ही भावंडे किंचित मागेपुढे होतात.

दगड विरघळतो तेव्हा दोन्ही समस्थानिक जवळपास दगडातल्याच प्रमाणात पाण्यात येतात. नंतर चिकणमातीची खनिजे तयार होऊ लागली की ती हलक्या लिथियम-६ ला अधिक पसंती देतात. परिणामी मातीत हलका अणू राहतो आणि पाणी जड लिथियमने संपन्न होत जाते. दगडातून निघालेल्या लिथियमचा जितका मोठा भाग मातीत अडकेल, तितके उरलेले पाणी अधिक जड. शिवाय वनस्पतींना लिथियमची विशेष गरज नसते, आणि नद्यांतील लिथियम मुख्यतः सिलिकेट खडकांतून येते, चुनखडीतून नव्हे. कॅल्शियमच्या बाबतीत होणारे दोन्ही घोटाळे येथे टळतात.

हा फरक मांडण्याची पद्धत अशी. एक ठरावीक लिथियम कार्बोनेट जगभर प्रमाण मानले गेले आहे. त्याच्या तुलनेत नमुन्यातील जड-हलक्या अणूंचे गुणोत्तर हजारात कितीने अधिक किंवा उणे आहे, ते सांगायचे. बेसाल्टचे मूल्य साधारण अधिक ३ ते अधिक ५ दर हजारी. जगातील नद्यांची सरासरी अधिक २३ च्या आसपास. समुद्राचे पाणी अधिक ३१. म्हणजे दगडापासून समुद्रापर्यंतचा हा सगळा प्रवास हजारात सत्तावीस-अठ्ठावीस इतक्या अंतरात सामावला आहे. गुणोत्तराच्या भाषेत प्रमाण द्रव्यात एका हलक्या अणूमागे सुमारे १२.१७ जड अणू असतील, तर समुद्रात ते १२.५५ च्या जवळ असतील. दशांश चिन्हापुढचे हे आकडेच आपल्याला दगड, माती आणि पाणी यांची हकिकत सांगतात. म्हणून ते अचूक मोजावे लागतात.

बाटली भरण्यापासून सुरुवात

हे काम यंत्रापाशी नव्हे, नदीकाठी सुरू होते. पाणी प्लास्टिकच्या, आम्लाने धुतलेल्या बाटलीत घेतात. काच टाळतात, कारण काचेतूनही सूक्ष्म प्रमाणात मूलद्रव्ये पाण्यात उतरू शकतात. पाणी ताबडतोब अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात आणि मग त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात. हा क्रम उलटा झाला, आधी आम्ल आणि मग गाळणी, तर पाण्यातील गढूळ कणांवरचे हलके लिथियम सुटून पाण्यात मिसळते व मोजण्यापूर्वीच उत्तर बिघडते. ज्येष्ठ-आषाढातील उल्हासचे लाल पाणी डोळ्यांसमोर आणले, म्हणजे ही चूक किती मोठी ठरू शकते ते लक्षात येईल.

नदीच्या एका लिटर पाण्यात लिथियम सरासरीने दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सोडियम त्याच्या हजारो पट असते. समुद्राच्या पाण्यात तर लिथियमच्या सुमारे साठ हजार पट सोडियम असते. हे सोडियम यंत्रात गेले तर वाचन बिघडते, म्हणून आधी लिथियम वेगळे काढावे लागते.

त्यासाठी आयन-विनिमय रेझीनचे बारीक दाणे एका उभ्या नळीत भरतात. वरून नमुना ओततात आणि मग सौम्य आम्ल थेंबथेंब सोडतात. लिथियम दाण्यांना सर्वांत सैल चिकटते, म्हणून ते आधी खाली उतरते. सोडियम मागून येते. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या दिंडीसारखे हे आहे. ज्यांच्या पाठीवर ओझे कमी ते पुढे निघतात, बाकीचे मागे राहतात.

येथेच सर्वांत फसवी जागा आहे. या नळीतून उतरताना लिथियमची दोन भावंडेही मागेपुढे होतात. जड लिथियम-७ आधी आणि हलके लिथियम-६ शेवटी उतरते. पहिल्या थेंबांतील आणि शेवटच्या थेंबांतील फरक शंभर दर हजारीहूनही अधिक असू शकतो. बेसाल्ट आणि समुद्र यांच्यातला सारा फरक अठ्ठावीसच्या आत आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे शेवटचे एक टक्का लिथियम जरी नळीत राहून गेले, तरी उत्तर एक दर हजारीच्या आसपास सरकू शकते. म्हणून या कामात नव्याण्णव टक्के गुण पुरत नाहीत. लिथियम शंभर टक्के गोळा झाले आहे, याची खात्री करण्यासाठी त्याच्या पुढचे आणि मागचे थेंबही वेगळे ठेवून त्यांत काही उरले आहे का ते तपासतात. बरोबरीने एक कोरी नळी, म्हणजे नमुना न घालता केवळ आम्ल सोडलेली, चालवतात. आपल्याच आम्लातून, भांड्यांतून, हवेतील धुळीतून किती लिथियम आले, ते त्यावरून कळते.

आयनांची वाट

शुद्ध झालेला नमुना आता यंत्रात जातो. या यंत्राला द्रव्यमान वर्णपटमापक म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणूनच ओळखतात. त्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून निऑनचे दोन प्रकारचे अणू दिसून आले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये सुधारित उपकरण उभारले आणि १९२२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत आर्थर डेम्प्स्टर यांनी १९१८ मध्ये वेगळ्या रचनेचे यंत्र तयार केले. लिथियमला ६ आणि ७ वजनांची दोन भावंडे आहेत, हे १९२१ च्या सुमारास या यंत्रांनीच दाखवून दिले.

आजच्या यंत्रात नमुन्याचे प्रथम बारीक तुषार करतात. ते तुषार आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात शिरतात. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्याचे तापमान ६,००० ते १०,००० केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक. तेथे लिथियमच्या अणूचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि त्याचा धन विद्युत्भारित आयन होतो. हे आयन एका सूक्ष्म छिद्रातून निर्वात नळीत ओढले जातात, उच्च विद्युत् दाबाने वेगवान होतात आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात शिरतात.

चुंबक त्यांची वाट वळवतो. हलके आयन अधिक वळतात, जड कमी. खंडाळ्याच्या घाटात वळणावर रिकामा टेम्पो आतून वळतो आणि भरलेला ट्रक बाहेरच्या बाजूला ओढला जातो, तसे काहीसे. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी. वळण संपताच लिथियम-६ आणि लिथियम-७ यांचे दोन प्रवाह अलग झालेले असतात. प्रत्येकाच्या वाटेवर एक धातूचा लहान पेला ठेवलेला असतो. त्यात आयन पडले की सूक्ष्म विद्युत् प्रवाह निर्माण होतो, आणि तोच मोजला जातो. दोन्ही पेले एकाच क्षणी मोजतात हे महत्त्वाचे आहे. प्लाझ्माची ज्योत सतत किंचित थरथरत असते. आधी एक आणि मग दुसरा प्रवाह मोजला, तर त्या थरथरीलाच आपण निसर्गातील फरक समजून बसू. दोन्ही एकदम मोजले, तर थरथर दोहोंत सारखी येते आणि गुणोत्तरातून निघून जाते. अशा बहुसंग्राहक प्लाझ्मा यंत्राने लिथियम मोजण्याची पद्धत १९९९ च्या सुमारास रुजली.

तराजूचा पासंग

आता एक धक्कादायक गोष्ट सांगतो. एवढे महागडे यंत्र खरे गुणोत्तर दाखवीतच नाही. यंत्राच्या वाटेत हलके आयन अधिक प्रमाणात विखुरतात आणि जड आयन तुलनेने अधिक पोहोचतात. त्यामुळे वाचन खऱ्यापेक्षा पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक येते. ज्या फरकाचा आपण शोध घेत आहोत, तो सगळा मिळून तीन टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे तराजूचा पासंगच मालाच्या कितीतरी पट भारी!

अशा तराजूने वजन करायचे कसे? बाजारातील जुन्या माणसांना याचे उत्तर ठाऊक आहे. ज्या पारड्यात माल घालायचा, त्याच पारड्यात आधी खात्रीचे माप ठेवून पाहायचे, मग माल, आणि मग पुन्हा तेच माप. पासंग दोन्ही वेळा सारखाच लागत असेल, तर तुलना खरी ठरते. प्रयोगशाळेतही हेच करतात: प्रमाण, नमुना, प्रमाण. समजा, प्रमाण द्रव्याचे वाचन १४.६० आले, नमुन्याचे १४.९० आणि पुन्हा प्रमाणाचे १४.६२. दोन प्रमाणांची सरासरी १४.६१. नमुन्याच्या वाचनाला तिने भागले की १.०१९८ येते. म्हणजे नमुना प्रमाणापेक्षा १९.८ दर हजारीने जड. यंत्राने दाखवलेले तिन्ही आकडे खोटे होते, तरी त्यांतून निघालेले उत्तर खरे आहे; कारण खोटेपणा तिन्हींत सारखा होता.

मात्र 'सारखा होता' हे गृहीत धरून चालत नाही, ते सांभाळावे लागते. नमुना आणि प्रमाण यांतील लिथियमची तीव्रता जुळवावी लागते, आम्ल एकच वापरावे लागते, आणि नमुन्यात सोडियम उरता कामा नये. शिवाय प्रमाण म्हणून दुकानातील कोणतीही बाटली चालत नाही. अण्वस्त्रांसाठी लिथियम-६ काढून घेतल्यावर उरलेले लिथियम जगाच्या बाजारात पूर्वी विकले गेले. त्यामुळे काही रसायनांतील लिथियम निसर्गातल्यापेक्षा बरेच वेगळे असते. शेवटी साक्षीदार लागतो. लिथियम महासागरात दहा लाख वर्षांहून अधिक काळ राहते, तर महासागराचे पाणी हजार-दोन हजार वर्षांत ढवळून निघते. म्हणून खुल्या समुद्राचे मूल्य सर्वत्र जवळपास एकच मिळते. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या नमुन्यांच्या रांगेत समुद्राचे पाणीही घालते. त्याचे उत्तर अधिक ३१ च्या जवळ आले नाही, तर त्या दिवसाचे सारे काम बाजूला ठेवावे लागते. इतकी दक्षता घेतल्यावर उत्तमातले उत्तम मापनही हजारात काही दशांशांपर्यंतच भरवशाचे असते, आणि ती मर्यादा उत्तराबरोबर लिहावी लागते.

बिदरचा जांभा आणि समुद्राची नोंदवही

या मापनातून काय हाती लागते, याचे एक उदाहरण आपल्याच मराठी मुलखाच्या सीमेवरचे आहे. उदगीरच्या पलीकडे बिदरच्या पठारावर बेसाल्ट दीर्घकाळ कुजून जांभ्याचा जाड थर झाला आहे. बिदरी कलाकुसरीच्या भांड्यांना काळा रंग चढवण्यासाठी बिदरच्या किल्ल्यातील माती वापरतात, हे अनेकांना ठाऊक असेल. या जांभ्याच्या उभ्या थराचे नमुने घेऊन बाशाक किसाक्युरेक, माइक विडोसन आणि रेचल जेम्स यांनी त्यांतील लिथियमचे समस्थानिक मोजले आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विदारणात जड समस्थानिक पाण्याबरोबर अधिक निघून जातो, हे तेथील दगड-मातीत दिसले. त्याचबरोबर वरच्या थरांतील लिथियम सारेच त्या जागच्या बेसाल्टचे नसून त्यात वाऱ्याने आणलेल्या धुळीची भर आहे, असेही आढळले. नुसत्या डोळ्यांनी एकसंध दिसणाऱ्या लाल थरात आकाशातून पडलेली धूळ आणि जागेवरचा दगड वेगळे ओळखता आले, ही या पद्धतीची ताकद.

दुसरे उदाहरण समुद्राचे. सागरतळाच्या गाळातील सूक्ष्म जीवांच्या कवचांत त्या त्या काळातील समुद्राच्या लिथियमची नोंद राहते. संबुद्ध मिश्रा आणि फिलिप फ्रोलिच यांनी अशा कवचांवरून गेल्या ६.८ कोटी वर्षांचा आलेख तयार केला व तो २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. मिश्रा आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयात कार्य करीत आहेत. या आलेखानुसार सुमारे सहा कोटी वर्षांत समुद्राचे मूल्य ९ दर हजारीने वाढले. हिमालयासारखे पर्वत वर उचलले गेले आणि भूपृष्ठावरील विदारणाची रीत बदलली, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. डायनासोरांचा अंत झाला त्या सीमेवर तर मूल्य अचानक ५ दर हजारीने घसरलेले दिसते. केवळ उल्कापाताने किंवा दक्खनच्या ज्वालामुखीने ही घसरण समजावून सांगता येत नाही. भूखंडांवरील माती मोठ्या प्रमाणावर वाहून गेली असावी, असे त्यांचे म्हणणे.

एक सावधगिरी येथेच नमूद करतो. नदीचे लिथियम हलके निघाले, म्हणजे दगडाच्या जवळचे निघाले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला, उतार इतका तीव्र की माती तयार व्हायला वेळच मिळाला नाही. दुसरा, प्रदेश इतका जुना आणि सपाट की तयार झालेली मातीही पुन्हा विरघळू लागली. एकच आकडा, दोन विरुद्ध परिस्थिती. म्हणून लिथियमच्या मूल्याबरोबर पाण्याचा प्रवाह, गाळ आणि इतर मूलद्रव्येही मोजावी लागतात.

आपल्या तीन नद्या

आता घरी परत येऊ. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करून वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खंडाळ्याच्या कड्याखालून खोपोली, रसायनी या भागांतून धरमतरच्या खाडीकडे जाते. या दोन्ही नद्यांच्या पाण्यात एक गुंता आहे, जो आपल्याला इतका परिचित आहे की आपण तो विसरतो. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी खोपोलीला आणि ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी भिवपुरीला कड्यावरून खाली येते. हे पाणी मूळचे इंद्रायणीच्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले. निसर्गक्रमाने ते बंगालच्या उपसागरात गेले असते. वीज करून ते पाताळगंगेत आणि पेज नदीमार्गे उल्हासमध्ये येते. चैत्र-वैशाखात पेज वाहती दिसते ती यामुळेच.

म्हणून कोणी उन्हाळ्यात या नद्यांची बाटली भरून 'हे कोकणच्या दगडाचे पाणी' म्हणेल, तर ते पुरते खरे नाही. त्यात घाटमाथ्याच्या तलावांत काही काळ साचून राहिलेले पाणी मिसळलेले आहे. वीजगृहाच्या वर एक, खाली एक, आणि कोंढाण्याच्या बाजूच्या एखाद्या मोकळ्या ओढ्यात एक, अशा तीन बाटल्या भरल्या तर मिश्रणाचा हिशेब मांडता येईल. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दोनदा भरल्या तर अधिक चांगला.

आणखी एक कारण याहून निकडीचे आहे. दक्षिण कोरियात सोल शहरातून वाहणाऱ्या हान नदीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात शिरल्यावर नदीतील लिथियम कित्येक पटींनी वाढते, आणि समस्थानिकांच्या आधारे पाहता ही भर दगडाची नसून माणसाच्या वापरातील लिथियमची आहे, असे त्यात दिसले. सांडपाणी शुद्धीकरणात ते निघत नाही आणि नळाच्या पाण्यापर्यंतही पोहोचते. आपल्याकडे विजेवरील वाहने आणि फेकलेल्या बॅटऱ्या यांची संख्या आता कुठे वाढू लागली आहे. उल्हासचे पाणी खाली लाखो लोक पितात. उद्या कोणी विचारले की या पाण्यातील लिथियम पूर्वीपासूनच होते की नंतर आले, तर उत्तर देण्यासाठी आजची नोंद हवी. भिंतीला तडा गेल्यावर जुना फोटो शोधत बसण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवलेला बरा.

शेतातील दगडाची पूड

त्या पालकांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे आता वळतो: मोजून कोणाचे भले?

अलीकडे बेसाल्टची बारीक पूड शेतात पसरण्याचा विचार जगभर पुढे येत आहे. पूड केल्याने दगडाचा पृष्ठभाग वाढतो, तो लवकर विरघळतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड खेचला जातो आणि जमिनीला खनिजेही मिळतात. खेचलेल्या कार्बनच्या हिशेबावर कंपन्या पैसे देतात. भारतातील छोट्या शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या 'माती कार्बन' या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले. रायगड जिल्ह्यात खडीच्या खाणी आहेत, बेसाल्ट आहे, भाताची खाचरे आहेत आणि मुसळधार पाऊसही आहे. तेव्हा अशी योजना घेऊन उद्या कोणी आपल्याही गावात आले, तर नवल वाटू नये.

अशा वेळी सारा व्यवहार एकाच आकड्यावर उभा असतो: दगडातून सुटलेले किती पाण्याबरोबर गेले आणि किती चिकणमातीत अडकले? जे अडकले, त्याच्या नावावर कार्बनचा हिशेब लावता येत नाही. पुडीचे वजन मोजून हे कळत नाही. खाचरातून निघणारे पाणी मोजावे लागते, आणि त्यासाठी लिथियमचे समस्थानिक हे उपलब्ध साधनांपैकी एक आहे. आकडा फुगवलेला असेल, तर हवेतला कार्बन तसाच राहतो, पैसा भलतीकडे जातो आणि नाव शेतकऱ्याचे खराब होते. आकडा प्रामाणिक असेल, तर आपल्या डोंगराच्या दगडाला आणि आपल्या श्रमाला न्याय्य मोल मिळू शकते.

म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. काका, दगड झिजतो हे आपण पाहताच; पण त्यातले किती समुद्राला गेले आणि किती आपल्या खाचरात राहिले, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजणारे यंत्र आपल्याला घ्यावयाचे नाही. परंतु कोणी आकडा घेऊन आले, तर चार प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. पाणी आधी गाळले की आधी आम्ल घातले? नळीतून सगळे लिथियम उतरले, याची तपासणी केली का? मालाच्या आधी आणि नंतर खात्रीचे माप ठेवले का? आणि समुद्राच्या पाण्याची साक्ष काय आली? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचा आकडा ऐकावा. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला नम्रपणे परत पाठवावे.

आपल्या विद्यालयातील मुलांना हे प्रश्न आजच शिकवता येतील. त्यासाठी प्लाझ्मा लागत नाही. प्रयोगशाळेतील साध्या तराजूवर पासंग काढायला शिकवले, तरी सुरुवात होते. या मुलांपैकी एखादी मुलगी पुढे बंगळूरला किंवा अहमदाबादला अशा यंत्रापुढे बसेल, आणि तिच्या हातातील बाटलीवर उल्हासचे किंवा पेजचे नाव असेल, अशी आशा बाळगून हा लेख पुरा करतो.